फुकट

रत्नागिरी,
नारळी पौर्णिमेचा दुसरा दिवस

चि. भाचीबाईंस,


तुझा फॉर्म पोचला. मोबाईलवर अक्षरं मुंगीएवढी दिसत होती, म्हणून गाडीतळावर जाऊन छापून आणला. 7 पानं, 35 रुपये. म्हणजे या वर्षीच्या हिशोबात पहिला खर्च तूच टाकलास, एवढं लक्षात ठेव.

फोनवर तू म्हणालीस, "मावशी, तू फक्त संस्था रजिस्टर कर, बाकी मी बघते. सीएसआरचे पैसे पडून आहेत." तुझी कळकळ खरी आहे, हे मला कळतं. 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजाच्या कामाला लावायला सांगितले, तेव्हा ते कुठे लागले याचा कागद तुमच्या कंपनीला हवाच. आणि मी तरी कोण, जिल्हा परिषदेच्या शाळांत जन्मभर तक्ते भरलेली बाई. तक्त्यांशी माझं वैर नाही. मी अडले ती तिसऱ्या पानावरच्या एका शब्दाशी. लाभार्थी. 'एकूण लाभार्थी', 'प्रति लाभार्थी वार्षिक खर्च', 'लाभार्थ्यांच्या पालकांचा अभिप्राय'. पेन उघडून बसले ती बसूनच राहिले. म्हणून फॉर्मऐवजी हे पत्र. लांबणार आहे. ऑफिसच्या बसमध्ये वाच.

आमची अभ्यासिका तू पाहिलीस ती तीन वर्षांपूर्वी, तीही दिवाळीत, कुलूप असताना. मिरकरवाड्यातून वर येणाऱ्या चढावर एका मंडळाची ती खोली. गणपतीचे दिवस सोडले तर संध्याकाळी साडेपाच ते साडेसात ती आमची. पटावर मुलं 34, पण एका वेळी 25 च्या वर मी कधी मोजली नाहीत. शिकवणाऱ्या आम्ही तिघी. मी, पोस्टातून निवृत्त झालेल्या एक बाई, आणि कॉलेजात बी.एस्सी. करणारी एक मुलगी, जी नऊ वर्षांपूर्वी चौथीत असताना याच सतरंजीवर माझ्यासमोर बसायची आणि पेन्सिलीचं टोक चावायची. अजून चावते.

मुलांच्या आया जेटीवर मासळी निवडतात, कोळंबी सोलायला जातात. बाप बोटीवर. खलाशी आता बरेचसे नेपाळचे. काही जण बिऱ्हाडासकट राहतात. शिवाय बांधकामांवरची लमाणी मुलं, विजापूरकडची. शाळा यांना आहे, शाळेत दुपारचं जेवण आहे, पुस्तकंही मिळतात. नाही ते शाळा सुटल्यानंतर. घरी गेलं की आई अजून आलेली नसते, खोलीत धाकटी भावंडं, आणि एकाच बल्बखाली स्वयंपाक, टीव्ही आणि भागाकार. आम्ही काय शिकवतो? गृहपाठ, पाढे, वाचन. खरं सांगायचं तर पहिला अर्धा तास हातपाय धुण्यात आणि चणे खाण्यात जातो.

आता मूळ गोष्टीवर येते.

पहिल्या वर्षी मी दारावर पाटी लावली होती, 'मोफत अभ्यासिका'. त्यातलं 'मोफत' मी स्वतः तांबड्या रंगात रंगवलं होतं. वाटलं, झुंबड उडेल. आली चार मुलं, त्यातली दोन पावसाच्या आडोशाला. पुढे बरी संख्या झाली, आणि मग एका वर्षी ऐन दिवाळीनंतर एक मुलगा यायचा बंद झाला. चांगला मुलगा, पाचवीतला, अडखळत का होईना पण धडा वाचायला लागलेला. चौकशी केली तर कळलं, त्याला महिना 500 रुपयांच्या क्लासला घातलाय. एका खोलीत 40 मुलं कोंबलेला क्लास. मला राग आला, खोटं कशाला बोलू? आई जेटीवरून येताना भेटली तेव्हा विचारलंच. ती पाटी डोक्यावरून उतरवत म्हणाली, "बाई, तुमचं शिकवणं झकास हाय. पन शेजारीण इचारते, पोरगा कुठं जातो? क्लासला जातो म्हटलं की गप बसते. तुमच्याकडं जातो म्हटलं की म्हणते, फुकाटचं ना?"

पुढे जून उजाडला. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना समुद्र बंद असतो, 61 दिवस. बोटी किनाऱ्याला लागल्या की हातातला पैसा आटतो. जुलैत तो मुलगा परत आला. आत आला नाही, पायरीवर बसला. फी थकली म्हणून क्लास सुटला होता आणि इथे परत घेतात की नाही, हे आईने त्याला सांगितलं नव्हतं. मी त्याला आत बोलावलं. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. तांबडं 'मोफत' डोळ्यांसमोर येत राहिलं.

तुझ्या पणजोबांची गोष्ट तुला आईने सांगितली आहे का? म्हणजे माझ्या आजोबांची. ते लांज्याकडच्या खेड्यातून इथे शिकायला आले आणि वार लावून जेवले. तुमच्या पिढीला वार म्हणजे सुट्टीचा नाहीतर कामाचा. तेव्हा गरीब विद्यार्थ्याला सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असं आठवडाभर जेवण असायचं. बुधवारचं घर श्रीमंतांचं. तिथे त्यांचं पान पडवीत मांडायचे, घरातल्यांची जेवणं झाल्यावर. पदार्थ भरपूर, तूपसुद्धा. शुक्रवारचं घर साधं, पिठलं-भात, पण जेवायच्या आधी त्या घरची बाई म्हणायची, "विहिरीच्या चार कळश्या आण बघू." आजोबा म्हातारपणी सांगायचे, "बुधवारी मी अर्धा उपाशी उठायचो. शुक्रवारी पोटभर जेवायचो." लहानपणी मला हे कोडं वाटायचं. पायरीवर बसलेल्या त्या मुलाने सोडवलं.

शाळेतही मी हे पाहिलं होतं, फक्त लक्षात आलं नव्हतं. 1995 मध्ये पोषण आहाराची योजना आली तेव्हा शिजवलेलं जेवण नव्हतं. 80 टक्के हजेरी असेल त्या मुलाला महिन्याला 3 किलो तांदूळ मिळायचा. तो मोजून द्यायचं काम माझ्याकडे. काही आया पिशवी पदराखाली झाकून न्यायच्या. मला वाटायचं, पाऊस लागू नये म्हणून झाकतात.

घेणाऱ्यालाही काही द्यायला लावायचं, ही युक्ती जुन्या माणसांना बरोबर ठाऊक होती. भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, पुढे गरीब मुलांची वसतिगृहं उभी केली. तिथे मुलं कमवून शिकायची, आणि गावातल्या घरांतून मूठमूठ धान्य गोळा व्हायचं. मुष्टिफंड म्हणायचे त्याला. ज्या घरात दोन वेळची भ्रांत, त्या घरानेही जात्यावर बसण्याआधी एक मूठ बाजूला काढून ठेवायची. त्या मुठीने वसतिगृहाचं कोठार किती भरलं, याचा हिशोब अकाउंटंटला विचार. माझ्या मते त्या मुठीचं खरं काम वेगळंच होतं. आपल्या जिल्ह्यातले धोंडो केशव कर्वे घे. मुरूडचे. 1886 मध्ये त्यांनी गावच्या माणसांच्या वर्गणीतून मुरूड फंड काढला. आणि 1936 मध्ये, वयाच्या 78 व्या वर्षी, जिथे शाळा नाही अशा खेड्यांसाठी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढून हा माणूस पुन्हा लोकांकडे मदत मागायला निघाला. 78 वर्षांचे! मी 67 व्या वर्षी तुझा फॉर्म भरायला कंटाळते आहे.

मी पाटी उतरवली. 'मोफत' खरवडून काढलं आणि नुसतं 'अभ्यासिका' ठेवलं. मग पालकांना बोलावून सांगितलं, की फी नाही, पण ज्याला जे आणावंसं वाटेल ते आणा, जे करावंसं वाटेल ते करा. मी कुणाला मागणार नाही आणि कुणाला नको म्हणणार नाही. एवढा एकच नियम.

पहिल्या महिन्यात काय काय आलं म्हणून सांगू! दोन नारळ. आमसुलांची पुडी. एक केरसुणी. कुणाचं तरी जुनं गजराचं घड्याळ, ज्याचे काटे मुलांना भागाकारापेक्षा बरे कळतात. एकीने दर शनिवारी खोली धुवायचं अंगावर घेतलं आणि मला चक्क बाहेर उभी केली. एक खलाशी बाप बंदीच्या दिवसांत रिकामा होता, तो येऊन बसला. "मला काय येत नाय," म्हणाला. मी विचारलं, पाणी किती खोल ते कसं मोजता? त्याने दोन्ही हात पसरले. हा एक वाव. चार हात, म्हणजे साधारण सहा फूट. मग सगळी मुलं हात पसरून उभी राहिली, आणि कुणाचा वाव किती इंच कमी यावर असा गोंधळ झाला की दशांश अपूर्णांक मी त्या वर्षी वेगळे शिकवलेच नाहीत. तो मनुष्य त्या दिवसापासून मला रस्त्यात भेटला की थांबतो. आधी मान खाली घालून जायचा.

सगळं छान झालं, असं समजू नकोस. मध्यंतरी एक घोटाळा आम्हीच केला. आमच्या बी.एस्सी.वालीने उत्साहाने भिंतीवर एक यादी लावली, कुणी काय दिलं त्याची, नावांसकट, रंगीत खडूने सजवून. तिला वाटलं, लोकांना बरं वाटेल. दोन आठवड्यांत तीन मुलं कमी झाली. ज्यांची नावं यादीत नव्हती ती. एकीच्या घरी गेले तर ती म्हणाली, "या महिन्यात काय नाय बाई जमलं, पुढच्या महिन्यात पाठवते." पोराला पाठवते म्हणाली की नारळाला, मला विचारवेना. यादी मी फाडली. तीनपैकी दोघं परत आली. तुझ्या फॉर्मच्या पाचव्या पानावर 'समाजाचा सहभाग (रुपयांत)' असा रकाना आहे, तो पाहिल्यावर मला ती भिंत आठवली.

बसण्यावरूनही भांडणं झाली. सुरुवातीला मुलं आपोआप तीन घोळक्यांत बसायची. मिरकरवाड्यातली एका बाजूला, लमाणी दाराशी, नेपाळी मागे. एका आजीने मला बाजूला घेऊन सांगितलंही, आमच्या पोरीला त्यांच्यात बसवू नका म्हणून. या गावाला हा वाद नवा नाही. सावरकर 1924 ते 1937 इथे स्थानबद्ध होते, तेव्हा शाळांत अस्पृश्य मुलांना वेगळं न बसवता सरमिसळ बसवावं यासाठी त्यांनी घरोघर आणि शाळाशाळांतून खटपट केली, आणि 1931 मध्ये भागोजीशेठ कीरांनी पतितपावन मंदिर बांधलं तेव्हा तर गाव ढवळून निघालं. त्याचा गवगवा सगळे करतात. सतरंजीवर कोण कुणाशेजारी, हे मात्र दर संध्याकाळी नव्याने ठरवावं लागतं. मी वयाप्रमाणे नाही, सरळ उंचीप्रमाणे बसवते. उंचीला जात नसते आणि मुलं वाढली की जागा आपोआप बदलते.

आता तुझा तो तक्ता, 'प्रारंभिक चाचणी' आणि 'अंतिम चाचणी' असलेला. हा भाग तुला पटणार नाही, पण ऐक.

जानेवारीपासून मे अखेरपर्यंत आम्ही रविवारी एका आंब्याच्या बागेत जातो. तिथे राखणीला आणि फवारणीला नेपाळी कुटुंबं असतात. मुलं बाग सोडून आमच्यापर्यंत येऊ शकत नाहीत, म्हणून आम्ही जातो. ही अक्कल माझी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालवाडी काढली. आदिवासी मुलं तिथे येईनात, तेव्हा त्या बालवाडी घेऊन मुलांच्या अंगणात गेल्या. तीच अंगणवाडी. पुढे कोसबाडला, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणातच शाळा भरवली. कुरणशाळा. आज देशभर अंगणवाडी हा सरकारी शब्द झाला आहे, पण मूळ विचार साधा होता. मूल येत नाही, तर त्याला दोष देण्याआधी ते कुठे आहे ते बघा.

त्या बागेत एक मुलगी होती. सहावीतली. जानेवारीत मी तिला परिच्छेद वाचायला दिला तेव्हा ती जोडाक्षरापाशी थांबून माझ्या तोंडाकडे बघायची. तुझ्या भाषेत, प्रारंभिक चाचणी नापास. मेमध्ये हीच मुलगी संध्याकाळी बागेतल्या राखणदारांना मराठी पेपर वाचून दाखवायची. वाशीच्या बाजारात आंब्याची पेटी काय भावाने गेली, हे ऐकायला मोठमोठी माणसं तिच्याभोवती उकिडवी बसायची. कर्वेही लहानपणी मुरूडच्या देवळात गावकऱ्यांना असंच वर्तमानपत्र वाचून दाखवत, हे मी तिला सांगितलं. तिने विचारलं, "त्यांना आंब्याचा भाव वाचायला लागायचा?"

जूनमध्ये ती माणसं भातलावणीला गावी जातात, नेपाळात, आणि दसऱ्यानंतर येतात. गेल्या वर्षी दसऱ्यानंतर बाप एकटाच आला. मुलगी आजीकडे राहिली, धाकट्या भावाला सांभाळायला. शाळेचं विचारलं तर म्हणाला, "बघू." 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने इथे बरंच सोपं केलंय. दाखला नाही म्हणून मुलाला अडवायचं नाही, वर्षाच्या मध्ये आलं तरी घ्यायचं, वयानुसार वर्गात बसवायचं. कर्वे मुरूडहून परीक्षेसाठी साताऱ्यापर्यंत चालत गेले आणि वय लहान दिसतं म्हणून त्यांना बसू दिलं नाही. निदान तेवढा अन्याय तरी कागदावर संपला. पण तो कायदा सरहद्दीपाशी थांबतो. 2018 मध्ये आपल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, आता आंबा कुठेही गेला तरी तो कुठला हे सांगता येतं. तो राखणाऱ्याच्या मुलीचा पत्ता माझ्याकडे नाही.

आता सांग, तिच्या नावापुढे 'अंतिम चाचणी'त काय लिहू? रिकामं सोडलं तर तुमचा संगणक शून्य धरतो, हे तूच मला सांगितलंस.

बरं, रडगाणं पुरे. एक गंमत सांगते. मे महिन्यात मोठ्या मुलांना घेऊन जिल्हा नगर वाचनालयात गेलो होतो. 1828 चं वाचनालय, तुझ्या आईने आणि मी तिथल्या कादंबऱ्या पाळीपाळीने वाचल्या आहेत. मुलं दाराशीच थबकली. मग एकाने हळूच मला विचारलं, "बाई, इथे बसायचे किती?" मी म्हटलं, काही नाही. त्याने दुसऱ्याकडे पाहिलं, दोघं बाहेर गेले आणि चपला काढलेल्या जागी सगळ्यांच्या चपला जोडीजोडीने रांगेत लावून आले. मग आत येऊन बसले. हाच तो, पायरीवरचा. आता चौदा वर्षांचा झालाय, ओठावर मिसरूड आलंय आणि गणित अजून कच्चंच आहे.

तर भाचीबाई, संस्था मी रजिस्टर करत नाही. निदान यंदा नाही. पैसे वाईट असतात असं मी म्हणत नाही. 30 दप्तरं, पाण्याच्या बाटल्या, सगळ्यांवर तुमच्या कंपनीचं नाव, आणि फोटोसाठी ओळीत उभी केलेली मुलं, हे मी शाळेत असताना पुष्कळ पाहिलं आहे. मुलांना दप्तरं आवडली होती. पण त्या दिवशी कुणाचाही बाप हात पसरून वाव दाखवायला आत आला नसता. तू म्हणशील, मावशी हट्टी आहे. असेन. पोस्टातल्या बाईंचं मत माझ्या उलट आहे, त्या म्हणतात पैसे घे आणि एक पगारी शिक्षिका ठेव, आपण अजून किती वर्षं पुरणार? त्यांचंही खोटं नाही. त्यावर आमचं रोज भांडण होतं, आणि त्यातून मुलांना वादविवाद शिकायला मिळतो.

तुला स्वतःला काही करायचं असेल तर दोन गोष्टी आहेत. पावसात सातच्या सुमाराला हमखास वीज जाते, तेव्हा एक चार्जिंगची बॅटरी पाठव, साधी, दुकानातून आणलेली, नाव न छापलेली. आणि पुढच्या मेमध्ये आठ दिवस सुट्टी काढून ये. बागेत मुलांना कंपनीचा हिशोब कसा ठेवतात ते शिकव. नफ्याचे 2 टक्के कसे काढतात तेही शिकव, त्यांना आवडेल. राहायचं माझ्याकडे, पण सकाळी पाणी भरावं लागेल, नळ अर्धाच तास असतो.

फॉर्म परत पाठवते आहे. मागची बाजू कोरी होती, त्यावर मुलांनी पाढे लिहिलेत, त्याला इलाज नाही.

सोबत डब्यात सोडे आहेत. त्या क्लासवाल्या मुलाच्या आईने दिले. काल जेटीवर नारळ सोडायला गेले होते तेव्हा हातात पुडा ठेवला आणि म्हणाली, "पुण्याची भाची हाय ना तुमची, तिला पाठवा." तू तिला काही फॉर्मबिर्म पाठवू नकोस. अर्धा तास भिजव, पाणी दोनदा बदल आणि वांग्यात घाल. मीठ बेताने, सोडे खारट असतात.

तुझी
मावशी